जुहूची तार आणि प्रथिनांचे कोडे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुहूचे नाव काढले की मुंबईकराला चौपाटी आठवते, भेळ आठवते, सिनेनटांचे बंगले आठवतात. एखाद्या जाणत्या गृहस्थाला इथला जुना विमानतळही आठवेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन जुहूला उतरले, ही हकिगत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. टपालाच्या इतिहासात जुहूला आणखी एक मान आहे, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. इथल्या गुलमोहर क्रॉस रोड नंबर नऊवर ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ नावाची एक सरकारी संस्था होती. लोक तिला ‘एनसीएसटी’ म्हणत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९८५ साली ती वेगळी झाली आणि डॉ. एस. रमणी तिचे संचालक झाले. १९८९ साली या संस्थेपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत एक भाड्याची लाइन जोडली गेली आणि देशभरच्या शास्त्रज्ञांची ई-मेल तिच्यावरून परदेशी जाऊ लागली.

या तारेचा आणि प्रथिनांचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे. महाराष्ट्रात महासंगणकाची कथा नेहमी वेगाची कथा म्हणून सांगितली जाते. सेकंदाला इतके अब्ज हिशेब, जगात इतकावा क्रमांक. पण विज्ञानातली काही कोडी अशी निघाली की त्यांना एकच वेगवान यंत्र असण्याची फारशी गरज नव्हती. पुष्कळ साधी यंत्रे हवी होती आणि ती एकमेकांना जोडलेली हवी होती. प्रथिनांच्या स्फटिकांचे कोडे हे त्यातले एक.

प्रथिने म्हणजे केवळ डाळीतले आणि अंड्यातले पोषण नव्हे. आपल्या शरीरातली जवळजवळ सारी कामे करणारे हे कामगार आहेत. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन, साखरेचा कारभार पाहणारे इन्सुलिन हेही प्रथिनच. अमिनो आम्लांची लांबलचक माळ विशिष्ट घडीने दुमडली की प्रथिन तयार होते, आणि त्या घडीवरच त्याचे काम ठरते. घडी कळली तर रोग कळतो आणि औषध कुठे बसवायचे तेही कळते. पण रेणू इतका लहान की साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्या प्रथिनाचे स्फटिक बनवतात, खडीसाखरेसारखे पण कणभर. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे हजारो ठिपक्यांची एक नक्षी उमटते आणि त्या ठिपक्यांवरून रेणूचे चित्र उभे करायचे असते.

इथे एक मोठी अडचण येते. ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते, पण ती लहर नेमकी कोणत्या क्षणी उठली, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला लहरीची ‘कला’ म्हणतात, ती छायाचित्रात उतरतच नाही. गणेशोत्सवातले दोनशे ढोलांचे पथक डोळ्यांपुढे आणा. तुमच्या हाती फक्त एक तक्ता दिला आहे, कोणता ढोल किती जोरात वाजला याचा. केव्हा वाजला हे त्यात नाही. आता त्यावरून ताल ओळखून दाखवा! स्फटिकशास्त्राची अर्धी हयात या हरवलेल्या ‘केव्हा’च्या मागे गेली आहे.

केंब्रिजचे मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हिमोग्लोबिनचे काम हाती घेतले, त्याची रचना १९५९ साली हाती आली. मधली बावीस वर्षे प्रामुख्याने याच अडचणीने खाल्ली. १९५३ मध्ये त्यांना वाट सापडली: स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू घुसवायचा, ठिपके किती बदलले ते पाहायचे आणि त्यावरून कला काढायची. त्यांचे सहकारी जॉन केंड्रयू यांनी मायोग्लोबिनचे असेच काम केले आणि त्यासाठी केंब्रिजचा ‘एडसॅक’ संगणक वापरला. प्रथिनांचे स्फटिक आणि संगणक यांची गाठ ही अशी अगदी आरंभीच पडली. १९६२ चे नोबेल दोघांना मिळाले. डोरोथी हॉजकिन यांना तर इन्सुलिनच्या पहिल्या छायाचित्रापासून रचनेपर्यंत जायला चौतीस वर्षे लागली. १९६९ साली ती रचना सुटली, तेव्हा त्यांच्या चमूत एम. विजयन हे तरुण भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे त्यांनी बंगळूरला प्रथिन-स्फटिकशास्त्राची शाळाच उभी केली.

मुंबईतही पायाभरणी त्याच दशकातली. टाटा संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० साली सुरू झाला, १९६४ मध्ये तिथे ‘सीडीसी-३६००’ हे मोठे यंत्र आले. ट्रॉम्बेला राजगोपाल चिदंबरम आणि त्यांचे सहकारी अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या झोताने अमिनो आम्लांचे स्फटिक तपासत होते. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटाच. घराआधी विटा मोजून घ्याव्यात, तसे ते काम होते. चिदंबरम यांचे नाव पुढे पोखरणशी जोडले गेले, त्यामुळे त्यांच्यातला स्फटिकशास्त्रज्ञ थोडा झाकला गेला असे मला नेहमी वाटते.

जड अणूंची वाट खडतर होती. पारा घातला की निम्म्या वेळा स्फटिकच फुटायचा. १९६२ साली मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांनी दुसरी वाट दाखवली. ती समजायला आपल्या घरातला शिंपी पुरे. शिंप्याकडे जाताना मुलगा बरोबर नसेल तर आपण त्याचा जुना सदरा मापाला देतो. त्याचा नसेल तर चुलतभावाचा देतो. इथेही तेच. नव्या प्रथिनाचा एखादा चुलतभाऊ आधी उलगडलेला असेल तर त्याची रचना घ्यायची, स्फटिकाच्या पोकळीत ती फिरवून आणि सरकवून पाहायची. फिरवण्याचे तीन आकडे, सरकवण्याचे तीन. सहाही जुळले की हरवलेल्या कला त्या सदऱ्यावरून उसन्या घ्यायच्या आणि तिथून खरे चित्र सुधारत न्यायचे.

यात धोकाही आहे. सदरा चुकीचा असला तरी निघणारे चित्र त्या सदऱ्यासारखेच दिसते, कारण चित्राचा आकार ठिपक्यांच्या ठळकपणापेक्षा कलांवर जास्त अवलंबून असतो. शास्त्रज्ञाला वाटते की आपल्याला प्रथिन दिसले, प्रत्यक्षात त्याला त्याने स्वतःच घातलेला सदरा दिसत असतो. म्हणून इथे ‘बसला’ म्हणण्यापेक्षा ‘खरोखर बसला का’ हे तपासणे कठीण.

आता या विद्येचे मुंबईतले एक फळ सांगतो. एड्सचा विषाणू पेशीत शिरल्यावर प्रथिनांची एक लांब पट्टी तयार करतो आणि ती कापायला त्याच्याजवळ ‘प्रोटिएझ’ नावाची कात्री असते. ही कात्री अडकवली की नवा विषाणू अपुराच राहतो. तिची रचना १९८९ साली अमेरिकेत उलगडली आणि त्या रचनेच्या आधारे तयार झालेले पहिले औषध १९९५ अखेर रुग्णांपर्यंत आले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मधुसूदन होसूर यांच्या गटाने याच कात्रीचा पाठपुरावा केला. परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे शास्त्रज्ञ यांच्यासह त्यांनी २००६ साली जी रचना प्रसिद्ध केली, तिच्यात कात्री अगदी कामाच्या क्षणी पकडलेली आहे. पट्टी कापून झाली आहे आणि दोन्ही तुकडे अजून पात्यांतच आहेत! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सी. जी. सुरेश आदींनी त्याआधी, १९९९ मध्ये, पेनिसिलिनवर काम करणाऱ्या एका एन्झाइमची रचना इंग्लंडमधल्या यॉर्कच्या शास्त्रज्ञांबरोबर उलगडली होती.

होसूर यांच्या कात्रीला जुना सदरा हाताशी होता. पण ज्याचा चुलतभाऊच ठाऊक नाही अशा प्रथिनाचे काय करायचे? किंवा भाऊ आहे, पण इतका लांबचा की नाव-आडनावावरून नाते कळतच नाही, तर? अशी स्फटिके प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत वर्षानुवर्षे पडून असत. एखाद्या संशोधकाची पीएचडीची वर्षे त्यात जात आणि छायाचित्र फाइलीत राहून जाई.

यावरचा उपाय ऐकायला अगदी अडाणी वाटतो: गावातले सगळे सदरे घालून पाहा. जगात उलगडलेल्या प्रथिनांची एक सार्वजनिक बँक आहे. १९७१ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या, २०२३ च्या आरंभी त्या २ लाखांवर गेल्या. त्यातल्या प्रथिनांचे सुटे भाग केले तर २०१० च्या सुमारास लाखभर सदरे मापाला मिळत होते. एका सदऱ्याला वीस मिनिटे धरा. लाख सदऱ्यांना एका संगणकावर सुमारे पावणेचार वर्षे लागतील. हजार संगणक असतील तर काम दीड दिवसात संपते.

आणि हे हजार संगणक एका छपराखाली असण्याचीही गरज नाही. हवामानाच्या गणितात नागपूरच्या वाऱ्याचा हिशेब पुढे सरकायला शेजारच्या चौकोनाचा आकडा क्षणाक्षणाला लागतो, म्हणून तिथे यंत्रे एकमेकांशी सतत बोलत राहतात. सदऱ्यांचे तसे नाही. एक सदरा बसला की नाही याच्याशी दुसऱ्याला देणेघेणे नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग आठवा. सकाळी मळलेले पीठ वाटायचे, बायकांनी ते आपापल्या घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. कोणाकडे मोठे स्वयंपाकघर आहे आणि कोणाकडे चाळीतली खोली, याने फरक पडत नाही. पीठ वेळेवर पोचले पाहिजे आणि पापड मोजून परत आले पाहिजेत.

आपल्याकडे यंत्रांची बाजू कशी उभी राहिली ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९८७ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला, हवामानाच्या कामासाठी त्याहून कमी ताकदीचा एक तेवढा दिल्लीला दिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच सुमारास ट्रॉम्बेला ‘अनुपम’ची मालिका सुरू झाली. दोन्हींचे तत्त्व एकच: एक राक्षसी प्रोसेसर मिळत नाही ना, मग बाजारात मिळणारे पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपा. गंमत अशी की १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ‘नासा’मध्येही सोळा साधे संगणक जोडून असाच एक स्वस्त ताफा बांधला गेला, आणि पुढे जगभर तीच रीत पडली. आपण नाइलाजाने ज्या वाटेला लागलो ती पुढे हमरस्ता झाली.

पण यंत्रे होती ती आपापल्या कुंपणाआड. पीठ वाटायला गाडी लागते, ती जुहूकडे होती. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ ही शिक्षण-संशोधनाची जोडणी सुरू केली. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, स्वतः तो विभाग आणि जुहूची एनसीएसटी असे तिचे पहिले आठ खांब. जुहू ते पवई हा तिचा पहिला धागा आणि जुहू ते व्हर्जिनिया हा परदेशी दरवाजा. त्या परदेशी लाइनचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे एक मेगाबाइट पाठवायला जवळजवळ चौदा मिनिटे. आज मोबाइलवर काढलेला एक बरासा फोटो पाठवायला तेव्हा तासभर लागला असता. तरीही ज्या माणसाला परदेशी नियतकालिकाचा अंक बोटीने येण्याची वाट पाहावी लागे, त्याला ती लाइन काय वाटली असेल याची कल्पना करा.

२००३ साली एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. पुण्याचा परम आणि जुहूची तार एका छत्राखाली आले. सी-डॅकने ‘गरुड’ हा राष्ट्रीय ग्रिड प्रकल्प हाती घेतला तो यानंतरच. १७ शहरांतल्या ४५ संस्थांचे संगणक एका जाळ्यात आणायचे आणि ज्याचे काम असेल त्याला ते वापरू द्यायचे, ही कल्पना. आपत्ती व्यवस्थापन आणि जैवमाहितीशास्त्र हे त्यावरचे ठळक विषय होते. कुलाब्याची टाटा संस्थाही तोवर जिनिव्हाच्या ‘सर्न’मधल्या कणांच्या टकरींची माहिती चाळणाऱ्या जागतिक जाळ्याचे एक केंद्र झाली होती. यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापली जाते. तार जोडली तर कोण येणार? आपल्या संगणक-इतिहासाच्या पुस्तकांत अर्नेटला मिळणारी पाने पाहिली की हा भेद कळतो.

कणभौतिकीसाठी विणलेल्या अशाच एका अमेरिकन जाळ्याने प्रथिनांचे कोडे सोडवले. त्या जाळ्यातले संगणक रिकामे असतील त्या वेळी इतरांना वापरू दिले जात. हार्वर्डच्या इयान स्टोक्स-रीस आणि पिओत्र स्लिझ यांनी २०१० साली खरोखरच लाखभर सदरे एकामागून एक त्यावर घालून पाहिले, आणि काम काही तासांत झाले. कोबीवर पडणाऱ्या एका उंटअळीच्या प्रथिनाची रचना त्यातून सुटली. या पद्धतीचे बळ असे की पूर्ण सदरा मिळाला नाही तरी चालते. एकूण रचनेच्या १२ टक्क्यांहूनही लहान तुकडा, म्हणजे नुसती कॉलर म्हणा ना, जुळला तरी तो ओळखू येतो. लाख चाचण्यांचे गुण कागदावर मांडले की बहुतेक ठिपके एका मोहोळात दाटलेले दिसतात आणि एखाद-दुसरा मोहोळापासून दूर एकटा बसलेला असतो. तो आपला. लाख चुकीचे सदरे घालून पाहिल्यामुळेच योग्य सदरा ‘खरोखर बसला’ असे म्हणता येते. मघाशी सांगितलेल्या धोक्यावरचा हाच उतारा.

याच्या आदल्या वर्षी बार्सिलोनाच्या इसाबेल उसोन यांनी आणखी पुढची करामत केली होती. त्यांनी सदरेच टाकून दिले. बहुतेक प्रथिनांत मळसूत्रासारखा एक वळणदार तुकडा असतो. तसले लहान तुकडे असंख्य प्रकारे मांडून संगणकांच्या ताफ्यावर तपासायचे आणि त्यातून चेहरा उभा राहतो का ते पाहायचे. या पद्धतीला त्यांनी ‘आर्किम्बोल्दो’ हे नाव दिले. त्या नावाचा एक जुना इटालियन चित्रकार फळे आणि भाज्या मांडून माणसांचे चेहरे रंगवत असे. बहुतेक मांडण्या भाजीची टोपलीच राहतात, एखादीतून मात्र चेहरा डोकावतो.

ताफ्यालाही हार खावी लागली असे एक प्रकरण आहे, आणि ते नेमके ट्रॉम्बेच्या कात्रीच्या कुळातले. माकडांना होणाऱ्या एड्ससदृश रोगाच्या एका विषाणूची प्रोटिएझ कात्री दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती. मापाला एचआयव्हीची कात्री होती, तिच्या इतर बहिणी होत्या, तरी एकही बसेना. संगणकाने सुधारलेले नमुनेही फसले. शेवटी सिएटलच्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने ‘फोल्डइट’ या संगणकीय खेळातल्या हौशी खेळाडूंपुढे ते कोडे ठेवले. त्यातले बरेच जण शास्त्रज्ञही नव्हते. तीन आठवड्यांत त्यांनी घडी अशी बसवली की स्फटिक सुटला. २०११ सालची ही गोष्ट. यंत्रांची संख्या वाढवून जे जमले नाही, ते डोळ्याने घडी ओळखणाऱ्या माणसांना जमले.

पुढची गोष्ट ताजी आहे. २०२० मध्ये ‘आल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने अमिनो आम्लांचा क्रम पाहून घडी सांगायला सुरुवात केली आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, तर अर्धे बेकर यांना मिळाले. आता चुलतभावाचा सदरा शोधावा लागत नाही, शिंपी नाव ऐकूनच अंदाजाने सदरा बेततो, आणि तो बहुधा बसतो. इंदूरच्या ‘इंडस-२’ या यंत्रावर भाभा केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी खास किरणमार्ग बांधला आहे. एखाद्या घरातली नस्ती उलगडावी तशी जुनी छायाचित्रे फाइलींतून बाहेर येऊ लागली आहेत.

मात्र एक प्रसंग असा उरतो की तिथे नाव ऐकून उपयोग नसतो. हवे असलेले प्रथिन बहुधा ‘ई. कोलाय’ या जिवाणूकडून तयार करून घेतात. महिनोन्महिने खपून सुंदर स्फटिक मिळतो, पण तो असतो त्या जिवाणूच्याच एखाद्या घुसखोर प्रथिनाचा. ‘एसीआरबी’ नावाचे एक प्रथिन तर या लबाडीसाठी कुप्रसिद्धच आहे. संशोधक आपल्या प्रथिनाचा सदरा पुन्हा पुन्हा घालून पाहतो आणि तो बसत नाही, कारण आत उभा माणूसच वेगळा. अशा वेळी २०१८ पासून ‘सिम्बॅड’ नावाची एक प्रणाली वापरतात. ती संशोधकाला नाव विचारतच नाही. आधी स्फटिकाची लांबी-रुंदी जुन्या नोंदींशी ताडून पाहते, मग नेहमीच्या घुसखोरांची यादी चाळते, आणि तरीही काही हाती लागले नाही तर संगणकांचा ताफा जुंपून गावातले सगळे सदरे एकेक करून घालून पाहते.